बॉडी बारीक झाली, लेन्सचं काय?

गेल्या वैशाखात खानापूर तालुक्यातल्या एका अक्षतेला मी कॅमेरा घेऊन उभा होतो. अंतरपाट धरायच्या जरा आधी मुलीचे वडील बाजूला आले आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "फोटोग्राफर, मोठा कॅमेरा गाडीतच ठेवलाय व्हय?"

"हाच मोठा, मामा," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. निपाणीच्या पाव्हण्यांच्या लग्नात फोटोग्राफरकडे केवढा तरी कॅमेरा होता म्हणे, पुढं तोफेसारखी नळी लावलेला. त्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, माझ्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा लहान असण्याची बरीच शक्यता होती, पण मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळी सेन्सरचं क्षेत्रफळ कुणाला समजावून सांगणार?

बेळगावात, शहापुरात, खडेबाजारच्या आसपास गेली कित्येक वर्षं ज्यांचे स्टुडिओ आहेत, त्यातल्या कुणालाही विचारा. गिऱ्हाईक कॅमेऱ्याच्या आकाराला पैसे देतं. आमच्यातल्या काहींनी नुसता रुबाब म्हणून बॅटरी ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याखालचा बॅटरीचा जाड ठोकळा, लावून घेतल्याचं मी पाहिलंय. त्यामुळे कॉम्पॅक्ट फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे छोट्या अंगाच्या, मोठ्या सेन्सरच्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना भवितव्य आहे का, हा प्रश्न आला की आमच्याकडची पहिली अडचण मंडपातच उभी असते. पण ती खरी अडचण नव्हे. माझं म्हणणं असं आहे की कंपन्यांनी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बारीक केली आणि काम झालं असं समजून हात झटकले. भवितव्य लेन्स ठरवणार आहे, आणि तिथं अजून निम्मंच काम झालंय.

आज ज्याला आपण 'फुल-फ्रेम' म्हणून दबून बोलतो, ते ३६ बाय २४ मिलिमीटरचं माप जन्माला आलं तेच छोटं म्हणून. जर्मनीत लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा माणूस होता. सिनेमाची फिल्म त्यानं आडवी फिरवली, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट घेतली आणि खिशात मावेल असा कॅमेरा केला. तोच १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला. मोठ्या काचेच्या प्लेटवर फोटो काढणाऱ्या त्या काळच्या स्टुडिओवाल्यांना हे खेळणं वाटलं. आमच्याकडंही वेगळं नव्हतं. स्टुडिओत १२० चा रोल आणि यशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा. ३५ मिलिमीटरचा हॉट शॉट सहलीला न्यायचा, लग्नाला नाही. ऑलिम्पसनं १९७२ साली आणलेला ओएम-१ अर्ध्या किलोच्या आसपास होता, आणि त्यात हीच आजची फुल-फ्रेम चौकट होती.

मग डिजिटल आलं आणि सगळं फुगलं. निकॉनचा डी-८५० बॅटरी-कार्डासह १,००५ ग्रॅम. त्यावर २४-७० एफ/२.८ ची व्हीआर लेन्स (२४-७० मिलिमीटर म्हणजे रुंद ते जरा जवळ ओढणारी, एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, व्हीआर म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी) चढवली की ती एकटी १,०७० ग्रॅम. दोन किलोच्या वर वजन मानेला लटकवून सकाळच्या देवकापासून रात्रीच्या वरातीपर्यंत उभं राहायचं. पन्नाशीला आलेल्या फोटोग्राफरचा उजवा खांदा कसा असतो, ते त्याच्या बायकोला विचारा.

म्हणून २०१३ साली सोनीचा ए-७ आला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. फुल-फ्रेम सेन्सर, आरसा नाही, वजन ४७४ ग्रॅम. पुढं २०१९ ला सिग्मा एफपी आणि कॅननचा आरपी, २०२० ला सोनीचा ए-७सी, २०२३ ला कॅननचा आर-८ आणि ए-७सीची दुसरी आवृत्ती, २०२४ ला पॅनासोनिकचा एस-९, २०२५ ला सिग्मा बीएफ. सगळे अर्ध्या किलोच्या आगेमागे. ऑलिम्पसच्या वजनाला परत यायला जगाला चाळीसेक वर्षं लागली.

आता एक साधी वजाबाकी करू. सोनीचा ए-७ आयव्ही आणि ए-७सी टू यांत ३३ मेगापिक्सेलचा सेन्सर सारखाच. पहिला ६५८ ग्रॅम, दुसरा ५१४. म्हणजे बॉडी छोटी घेऊन वाचले १४४ ग्रॅम. त्यासाठी तुम्ही व्ह्यूफाइंडर बारका घेतला आणि दुसरा कार्ड-स्लॉट सोडला. आता लेन्सकडं बघा. सोनीच्या महागड्या जीएम मालिकेतली पहिली २४-७० ८८६ ग्रॅम. सिग्माची २८-७० एफ/२.८ ४७० ग्रॅम. वाचले ४१६ ग्रॅम, आणि सोडलं काय, तर २४ ते २८ मधली चार मिलिमीटर रुंदी. मंडपात ही चार मिलिमीटर कधी कधी बोचतात, मागं सरकायला जागा नसते आणि पाठीला आचारी लागतो. तरी हा सौदा पहिल्यापेक्षा कितीतरी फायद्याचा. छोट्या बॉडीवर जुनीच जाड लेन्स लावणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरला दोन क्विंटल ऊस बांधण्यासारखं आहे. वजन तर कमी होतच नाही, वर तोल जातो आणि मनगट पुढं झुकतं.

हे का झालं, त्यात थोडं शास्त्र आहे आणि बरीचशी हौस. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सची मागची काच सेन्सरच्या जवळ येऊ शकत नव्हती. मध्ये आरसा हलायला जागा लागायची, म्हणून लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर लांब, कॅननमध्ये ४४. आरसा गेल्यावर हे अंतर निकॉनमध्ये १६, सोनीत १८, कॅननमध्ये २० वर आलं. याचा सगळ्यात मोठा फायदा २४ ते ४० मिलिमीटरच्या लेन्सला. त्या खरोखर पेढ्याएवढ्या करता येतात. पण मोकळीक मिळाल्यावर कंपन्यांनी सुरुवातीला काय केलं? कॅननने २०१८ साली २८-७० एफ/२ आणली, १,४३० ग्रॅमची. निकॉनने २०१९ साली ५८ मिलिमीटर एफ/०.९५ आणली, पूर्ण दोन किलोची, आणि तीही हातानं फोकस करायची. तंत्र म्हणून दोन्ही अफाट आहेत, त्यात वाद नाही. पण आरसा काढून वाचवलेलं वजन काचेत घालून परत केलं, एवढंच माझ्यासारख्याला दिसलं.

आणि त्या एफ/१.२, एफ/०.९५ चं आमच्या कामात करायचं काय? नवरीच्या डोळ्याची पापणी लख्ख आणि कान धूसर, असा एखादा फोटो अल्बमच्या पहिल्या पानाला शोभतो. बाकीचं लग्न गर्दीचं असतं. मामा-मामी, करवल्या, बेंगळुरूहून आलेला आतेभाऊ, चंदगडची आत्या, तीन रांगा करून स्टेजवर उभे. मागच्या रांगेतली आत्या धूसर दिसली तर पैसे कापले जातात. तिथं सगळेच एफ/५.६ किंवा एफ/८ ला जातात. मग महाग काचेचे दिलेले पैसे अल्बमच्या किती पानांवर दिसतात? बारा बाय छत्तीसच्या चाळीस पानांत मोजून तीन-चार. सेन्सर आता इतके सुधारलेत की आयएसओ ६४०० ला, म्हणजे कमी उजेडात सेन्सरची संवेदना बरीच वाढवून काढलेला फोटो त्या पानावर सहज चालतो. एफ/१.४ ची गरज ज्या काळोखासाठी होती, तो काळोख सेन्सरनं बराचसा गिळलाय.

म्हणून मला सोनीच्या २०२१ च्या त्या तीन छोट्या लेन्स (२४, ४० आणि ५० मिलिमीटर), निकॉनची ४० एफ/२, कॅननची २८ एफ/२.८ या जास्त महत्त्वाच्या वाटतात. १२० ते १७५ ग्रॅममधला हा माल. कॅननची २८ ची लेन्स १२० ग्रॅम म्हणजे कांद्याएवढी. गेल्या काही वर्षांत झूमही शहाणे व्हायला लागलेत. टॅमरॉनने २०१८ साली २८-७५ एफ/२.८ ५५० ग्रॅममध्ये आणली आणि लग्नवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. २०२४ साली सोनीनं स्वतःची २४-५० एफ/२.८ ४४० ग्रॅममध्ये काढली आणि कॅननने २८-७० एफ/२.८ ४९५ ग्रॅममध्ये. ज्या कॅननने सहा वर्षांपूर्वी दीड किलोचा धोंडा काढला होता, तीच ही कंपनी. वारा कुठं वाहतोय ते यावरून कळतं.

टेलीच्या, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सच्या बाबतीत मात्र कुणी आशा दाखवली तर विश्वास ठेवू नका. २०० मिलिमीटरला एफ/२.८ हवा असेल तर प्रकाश शिरायची वाट ७१ मिलिमीटर रुंद लागतेच, कारण २०० ला २.८ नं भागलं की तेवढंच येतं. बॉडी कितीही बारीक करा, भागाकार बदलत नाही. टॅमरॉनने १८० वर थांबून ८१० ग्रॅममध्ये भागवलं, ती हुशारी. पण शाळेच्या मैदानातला खेळ, भीमगडच्या जंगलातले पक्षी, असली कामं करणाऱ्यानं कॉम्पॅक्टच्या नादाला लागू नये.

इथं एक जण हमखास उठून विचारतो, मग एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा, काय वाईट? प्रश्न बरोबर आहे. सिग्माची १८-५० एफ/२.८ अवघी २९० ग्रॅम, आणि तो संच तसल्याच झूमच्या फुल-फ्रेम संचापेक्षा हलका नि स्वस्त. दिवसा उजेडी, उघड्यावर, वर्तमानपत्राच्या कामाला तो पुरेसा आहे, आणि नव्यानं धंद्यात येणाऱ्या पोराला मी आजही तोच घे म्हणून सांगतो. फरक पडतो तो अंधारात. फुल-फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जरा अधिकची सवलत. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यानं रात्रभर पायी केलीय, त्याला या एका स्टॉपचं मोल सांगायला नको. रथावर झगमगाट, समोरच्या पोरांच्या तोंडावर अंधार, मध्येच दांडपट्टा फिरतोय. शटर १/५०० च्या खाली नेलं तर पट्टा पुसला जातो. शिवाय गर्दीत दोन किलोचं धूड डोक्याच्या वर धरून चालताना आपण आणि ते, दोघंही कधी कोसळू सांगता येत नाही. मोठा सेन्सर आणि छोटं अंग यांची खरी जोडी जमते ती अशा ठिकाणी. कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन घ्या, सौंदत्तीच्या डोंगरावरची पौर्णिमा घ्या. लोकांच्या मध्ये शिरून काढायचे हे फोटो आहेत, आणि मोठा कॅमेरा दिसला की लोक एकतर पोज देतात नाहीतर तोंड फिरवतात.

पण नेमक्या याच कामाला बाजारातले निम्मे कॉम्पॅक्ट कुचकामी आहेत, ही माझी खरी तक्रार. सिग्मा एफपी, पॅनासोनिक एस-९, सिग्मा बीएफ या तिन्हींत पडद्याचं शटर नाही, सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि आजकाल मंगल कार्यालयापासून चित्ररथापर्यंत दिवे सगळे एलईडी. ते डोळ्याला दिसणार नाही अशा वेगानं लुकलुकतात आणि फोटोवर काळे पट्टे उमटतात. नवरीच्या शालूवर आडवे पट्टे आले तर ती डिझाइन आहे असं सांगून सुटता येत नाही. एस-९ ला तर फ्लॅश पेटवायची सोयच नाही. सोनीच्या आणि कॅननच्या छोट्या बॉडींना शटर आहे, पण कार्डाची खाच एकच. लग्न दुसऱ्यांदा होत नाही. कार्ड गेलं तर मुलीच्या बापासमोर उभं कोण राहणार?

म्हणजे छोटा याचा अर्थ 'कमी' असा लावला गेलाय. रस्त्यावर हिंडणाऱ्या हौशी माणसासाठी सुंदर वस्तू, किंवा मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणासाठी खेळणं. या बाजाराचं दुसरं टोक म्हणजे सोनीचा आरएक्स-१आर थ्री, २०२५ मध्ये आलेला, लेन्स कायमची जोडलेली, किंमत ५,००० डॉलरच्या वर. त्यात माझ्यासारख्याचा वर्षाचा सीझन जाईल.

कंपन्या असं का वागतात हेही समजून घ्यायला हवं. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले. २०२४ मध्ये ८५ लाखांच्या आसपास. खिशातले स्वस्त कॅमेरे मोबाइलनं खाल्ले. उरलेल्या थोड्या गिऱ्हाइकांकडून जास्त पैसे काढणं हा त्यांचा मार्ग, आणि फुल-फ्रेमला नफा बरा. छोटा कॅमेरा आता पुन्हा फॅशनमध्ये आलाय, आणि फॅशनच्या वस्तूत दुसरा कार्ड-स्लॉट कुणी मागत नाही. फॅशन उतरली की काय, हे ज्यानं त्यानं बघावं. ज्याच्या पोटापाण्याला तो कॅमेरा लागतो तो मात्र दहा वर्षं तोच वापरणार असतो.

इथं लेन्सच्या तोंडाची, म्हणजे माउंटची गोष्ट येते. सोनीनं २०११ मध्येच आपल्या ई-माउंटची मूळ माहिती दुसऱ्या उत्पादकांना मोफत खुली केली. त्याचं फळ आज दिसतंय. टॅमरॉन, सिग्मा, कोरियातली सामयांग, चीनमधली विल्ट्रॉक्स, सगळ्यांची दुकानं तिथं लागलीत. विल्ट्रॉक्सची २८ एफ/४.५ तर साठ ग्रॅमची, बॉडीच्या झाकणाएवढी. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनी २०१८ साली एल-माउंटवर हातमिळवणी केली. कॅननने मात्र दार बराच काळ बंद ठेवलं, आणि २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला किलकिलं केलं तेही एपीएस-सी लेन्सपुरतं. जो कुणी आज छोटी फुल-फ्रेम बॉडी घेणार आहे, त्यानं बॉडीची किंमत बघायच्या आधी त्या तोंडाला बसणाऱ्या, पाचशे ग्रॅमच्या आतल्या, दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स मोजाव्यात. बॉडी पाच वर्षांत जुनी होते. लेन्स मुलाच्या हातात जाते.

आमच्या भागाला आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो, ज्या टोकियोत बसून सुचणार नाहीत. एक म्हणजे पाऊस आणि भंडारा. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतींना पाणी सुटतं. लेन्सला बुरशी धरली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि ते एकदा आत शिरले की पुसून जात नाहीत. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत हळदीचा भंडारा आभाळातून पडत असतो. तिथं लेन्स बदलायला बॉडी उघडली तर सेन्सर पिवळा होणार हे ठरलेलं. मी तिथं ४० ची एकच लेन्स लावून जातो आणि घरी येईपर्यंत काढत नाही. म्हणून छोट्या लेन्सला रबराची चांगली गॅस्केट असणं माझ्या लेखी एफच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि नेमकी तीच स्वस्त लेन्समधून पहिल्यांदा वगळली जाते.

दुसरी गोष्ट दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये माझी एक लेन्स फोकस धरेना. दुरुस्तीला बाहेरगावी पाठवली. दीड महिन्यानं परत आली, बिल जोडून, दोष तसाच. जुन्या लेन्स आमच्या गल्लीतले अण्णा स्क्रू-ड्रायव्हरनं उघडून साफ करत. आताच्या लेन्समध्ये मोटार आणि फ्लेक्स (पातळ पट्टीची वायर) अशा चिकटवलेल्या असतात की अण्णांनी हात टेकले. आकार लहान करताना सगळं आत कोंबलंय, त्याची ही किंमत.

सरकारनं काही करावं अशी अपेक्षा मी फारशी ठेवत नाही. तरी एक सांगतो. जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. ज्याचा जीएसटी नंबर आहे त्याला तो कर पुढं वळता करता येतो. पण वर्षाला २० लाखांच्या आतला व्यवसाय करणारा, म्हणजे सीमाभागातला जवळपास प्रत्येक स्टुडिओवाला, नोंदणीच करत नाही आणि पूर्ण अठरा टक्के स्वतःच्या खिशातून भरतो. दोन लाखांच्या पुढच्या बॉडीवर हा आकडा एका चांगल्या छोट्या लेन्सएवढा होतो. शिलाई मशीन अवजार मानायचं आणि कॅमेरा चैन, हा हिशेब मला कधी कळला नाही.

माझं म्हणाल तर मी बदललोय. पूर्वीचा संच एकदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला होता. बॅगेसह सहा किलोला शंभर ग्रॅम कमी. दुकानदार म्हणाला, "एवढ्यात तांदूळ झाला असता." आत्ताचा संच, म्हणजे दोन छोट्या बॉडी (एका स्लॉटवर उपाय म्हणून दुसरी बॉडी, दुसरं काय करणार), २८-७० ची झूम, ४० ची कांद्याएवढी लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्या, हे तीन किलोच्या आत बसतं. चंदगडच्या ऑर्डरला दुचाकीवरून जाताना पाठ दुखत नाही. गडहिंग्लजला एसटीत बॅग मांडीवर मावते. निवडणुकीच्या दिवसांत सीमेवरच्या नाक्यावर उघडून दाखवायलाही दोन मिनिटं पुरतात.

खानापूरचे ते मामा अल्बम न्यायला आले ते आषाढात, भिजत. टेबलावर पानं उलटत सावकाश बघितलं. सगळ्यांच्या फोटोवर आले तेव्हा चष्मा वर करून तिसऱ्या रांगेत बोट ठेवलं. "हा आमचा थोरला. ह्याला मी बघितलंच नव्हतं अक्षतेला, आला होता तर." थोडा वेळ बोट तिथंच राहिलं. मग पैसे मोजून दिले, अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि दाराशी जाऊन वळले.

"पुढच्या वर्षी धाकटीचं काढायचंय. तेव्हा तेवढा मोठा कॅमेरा आणा की."